गेम रचू पाहणाऱ्या नवशिक्याने साधन कसे निवडावे

संगणकावर स्वतःचा एखादा गेम रचावा अशी इच्छा ज्याच्या मनात उत्पन्न झाली आहे, परंतु प्रोग्रामिंगचा ज्याला गंधही नाही, अशा मनुष्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो की या कामी सर्वांत उत्तम सॉफ्टवेअर कोणते. आणि त्याला उत्तर देणारे इतके जण, इतक्या ठामपणे, इतकी भिन्न भिन्न नावे पुढे करतात की तो बिचारा एकामागून एक सॉफ्टवेअर उतरवून घेण्यात, त्यांचे परिचयाचे व्हिडिओ पाहण्यात आणि अखेर ती सारी पुसून टाकण्यात दिवसच्या दिवस घालवतो, व गेम मात्र वहीच्या पहिल्या पानावरच राहतो. प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. साधनाची निवड करण्यापूर्वी एका निराळ्याच बाबीचा निकाल लागावा लागतो, आणि ती बाब म्हणजे आपल्या गेममध्ये खेळणारा मनुष्य प्रत्यक्षात काय करणार आहे. विषय, कथानक, चित्रांची शैली या साऱ्यांच्या आधी ही क्रिया ठरली पाहिजे, कारण प्रत्येक सॉफ्टवेअर कोणत्या ना कोणत्या क्रियेला अनुकूल असे घडवलेले असते, आणि त्या क्रियेच्या हद्दीबाहेर पाऊल टाकताच ते आडमुठेपणा करू लागते.

उदाहरणादाखल रायगडावरील हिरकणीची आख्यायिका घेऊ. सूर्यास्ताबरोबर गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, आणि पहारेकरी हुकुमाबाहेर जाण्यास तयार नाहीत, अशा प्रसंगी जिने अंधारात कडा उतरून घर गाठले त्या गवळणीवर तिघा जणांनी गेम करण्याचे मनात आणले, तर विषय एकच असूनही तिघांना तीन निराळी साधने लागतील. पहिल्याला तिच्या मनातील घालमेल दाखवायची असेल, म्हणजे खेळणाऱ्याने मजकूर वाचावा, दोन-तीन पर्यायांतून एक पत्करावा आणि कथेने त्याप्रमाणे वळण घ्यावे. दुसऱ्याला तो कडाच दाखवायचा असेल, खाचेवरून खाचेवर पडणारे पाऊल, निसटणारा दगड आणि दमत चाललेले हात. तिसऱ्याला गडावरची ती संध्याकाळ हिंडून पाहू द्यायची असेल, बाजारपेठेतून फिरावे, पहारेकऱ्यांची मनधरणी करावी, कोणाकडून दोर तर कोणाकडून वाटेची खबर मिळवावी. पहिल्याने ट्वाइन घ्यावे, दुसऱ्याने जीडेव्हलप किंवा कन्स्ट्रक्ट, आणि तिसऱ्याने आरपीजी मेकर. कड्यावरची उडी आरपीजी मेकरमध्ये बसवणे अगदीच अशक्य आहे असे नव्हे. परंतु चौकोनी घरांतून पावले टाकण्यासाठी रचलेल्या त्या साधनात वेग, गुरुत्व आणि पकड यांची तजवीज करताना जो खटाटोप करावा लागतो, तो पाहून नवशिक्याला वाटते की आपल्यालाच काही येत नाही, वस्तुतः त्याने केवळ दुसऱ्या कामाचे हत्यार हाती धरलेले असते.

कथाप्रधान गेमसाठी मी ट्वाइनचे नाव निःसंकोच घेतो. ख्रिस क्लिमास यांनी २००९ मध्ये निर्मिलेले हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, ब्राउझरमध्ये चालते, आणि त्यात कथेचे तुकडे निरनिराळ्या चौकटींत लिहून दुहेरी चौकोनी कंसांनी ते एकमेकांस जोडले की त्यांच्यामधून बाण निघून साऱ्या शक्यतांचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो. २०१८ साली नेटफ्लिक्सवर आलेला, प्रेक्षकाच्या निवडीनुसार वळणारा जो ‘बँडर्सनॅच’ हा चित्रपट, त्याचा आराखडा लेखक चार्ली ब्रूकर यांनी ट्वाइनमध्येच मांडला होता, यावरून हे साधन साधे असले तरी पोरखेळ नव्हे एवढे ध्यानात यावे. मजकुराबरोबर पात्रांची चित्रे, पार्श्वभूमी आणि संगीत हवे असेल तर रेनपाय पाहावे. त्यात टंकन करावे लागते हे खरे, आणि कोडच्या नावानेच ज्याला कापरे भरते तो तेथे क्षणभर थबकेल. परंतु पात्राचे नाव आणि त्यापुढे अवतरणचिन्हांत त्याचे वाक्य, या पद्धतीने लिहिलेली ती संहिता नाटकाच्या हस्तलिखिताहून फारशी निराळी दिसत नाही. २०१७ मधील ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ हा जगभर गाजलेला गेम याच इंजिनात रचलेला आहे.

आरपीजी मेकरचा वंश जुना, जपानमधला, १९९२ पासूनचा. नकाशा रंगवावा, त्यावर माणसे ठेवावीत, आणि प्रत्येक माणसाच्या पोटात ‘खेळणारा बोलायला आला तर हे म्हण, त्याच्याजवळ दोर असेल तर ते म्हण’ अशा सूचना यादीतून निवडून भराव्यात, अशी त्याची रीत. कोणती गोष्ट घडून गेली व कोणती अद्याप घडावयाची आहे याची नोंद त्यात ‘स्विच’ नावाच्या खुणांनी ठेवली जाते, आणि या स्विचांना पहिल्या दिवसापासून अर्थपूर्ण नावे देण्याची शिस्त ज्याने पाळली नाही त्याची पुढे जी त्रेधा उडते ती पाहवत नाही. लढाईची यंत्रणा त्यात आयती मिळते म्हणून ती वापरलीच पाहिजे असे मात्र नाही. कॅन गाओ यांचा २०११ मधील ‘टू द मून’ हा या साधनात रचलेला गेम जवळजवळ लढायांवाचून केवळ संवाद आणि संगीत यांच्या बळावर उभा आहे. सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते; स्टीम या ऑनलाइन दुकानात सवलतीच्या दिवसांत किंमत बरीच उतरते, तोवर थांबण्यात शहाणपण आहे.

उड्या, पाठलाग, नेमबाजी, अडथळे यांचे गेम करू इच्छिणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी, आणि साधनांची गर्दीही तेथेच. येथे ‘कोडशिवाय गेम’ या जाहिरातीचा खरा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे. कोड लिहावा लागत नाही, म्हणजे भाषेचे व्याकरण, कंस आणि अर्धविराम यांच्या जाचातून सुटका होते. विचार मात्र तितकाच, आणि तितक्याच काटेकोरपणे करावा लागतो. जीडेव्हलप व कन्स्ट्रक्ट या दोहोंत ‘इव्हेंट’ नामक ओळींची एक यादी असते. ओळीच्या डाव्या बाजूस अट, उजव्या बाजूस कृती: खेळाडूचा नाण्याला स्पर्श झाला, तर नाणे नाहीसे करा आणि गुण एकाने वाढवा. हे वाक्य ज्याला कळते त्याला अर्धे काम आले असे म्हणावयास हरकत नाही. आता नाण्याच्या जागी काटा ठेवा व गुण वाढवण्याऐवजी तीन प्राणांतील एक कमी करा, आणि गेम चालवून पाहा: काट्याला पाय लागताच तिन्ही प्राण डोळ्याचे पाते लवण्याच्या आत संपलेले दिसतील. कारण असे की संगणक ही यादी साधारणपणे दर सेकंदाला साठ वेळा वरपासून खालपर्यंत वाचून काढतो, आणि पाय काट्यावर जितका वेळ आहे तितका वेळ प्रत्येक वाचनात अट खरी ठरून एकेक प्राण कमी होत राहतो. नाण्याच्या बाबतीत ही अडचण उद्भवली नाही, कारण नाणे पहिल्याच स्पर्शात नाहीसे झाले होते. उपाय सोपा आहे. दोन्ही साधनांत ‘एकदाच घडू द्या’ अशा अर्थाची अट जोडता येते, किंवा जखम झाल्यावर काही क्षण पुन्हा जखम होणार नाही अशी मुदत घालता येते. परंतु कारण शोधून काढण्याची जी रीत या एका काट्यापाशी शिकावी लागते तीच प्रोग्रामिंगची रीत होय, आणि तिच्यापासून सुटका देणारे साधन निर्माण झालेले नाही. ज्याला असल्या कोड्यात गंमत वाटते त्याने निश्चिंत असावे. ज्याला केवळ चीड येते त्याने कथाप्रधान गेमकडे वळावे, त्यात कमीपणा काही नाही.

जीडेव्हलप व कन्स्ट्रक्ट या दोहोंपैकी नवशिक्याला मी जीडेव्हलपकडे अधिक झुकलेला सल्ला देईन. ते मुक्त परवान्याचे आहे, त्याची मूळ फाइल आपल्या संगणकावर राहते, आणि पैसे मोजावयाचे ते मुख्यतः कंपनीच्या सर्व्हरवरून मोबाइलसाठी गेम बांधून घेण्याच्या वाढीव सोयींसाठी. लंडनच्या स्किरा कंपनीचे कन्स्ट्रक्ट ३ अधिक सफाईदार आहे, ब्राउझरमध्येच उघडते, त्याची माहितीपुस्तिका उत्कृष्ट आहे. परंतु विनामूल्य आवृत्तीत इव्हेंटांची संख्या मर्यादित असल्यामुळे गेम रंगात येतो न येतो तोच वर्गणी भरण्याची पाळी येते, आणि ही वर्गणी चालू राहणारी आहे. क्लिकटीम फ्यूजन हे याच घराण्यातले जुने नाव. स्कॉट कॉथन यांचा २०१४ मधील ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ त्यात रचला गेला, हे सांगून त्याची शिफारस पुष्कळ जण करतात; पण आज प्रारंभ करणाऱ्याने त्याच्या चौकटींच्या जाळ्यात शिरण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. गेममेकरची गोष्ट निराळी. नेदरलँड्समधील उट्रेक्ट विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या साधनात ठोकळे जोडून काम करण्याची पद्धत आहे, आणि तिच्या शेजारीच त्याची स्वतःची लेखी भाषा आहे. तेव्हा पुढेमागे कोड शिकण्याची ज्याची तयारी आहे त्याला एकाच घरात राहून खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर जाता येते. टोबी फॉक्स यांचा ‘अंडरटेल’ हा गेममेकरचाच. नोव्हेंबर २०२३ पासून विक्रीचा हेतू नसलेल्यांना ते फुकट वापरण्याची मुभा आहे, आणि संगणक व मोबाइलवरील विक्रीसाठी एकदाच सुमारे शंभर डॉलर भरावे लागतात.

घरातील आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी विचारणा असेल तर एमआयटीचे स्क्रॅच, आणि त्यावर अधिक चर्चा नको. त्रिमितीय गेमचा आग्रह धरणाऱ्यास अनरियल या इंजिनात ‘ब्लूप्रिंट’ नावाची, चौकटी तारांनी जोडण्याची, कोडविरहित पद्धत आहे; पण तेथे आकृती घडवणे, तिच्यात सांगाडा बसवणे, प्रकाश, कॅमेरा ही प्रत्येक स्वतंत्र कला होऊन बसते आणि साध्या लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो. एकट्या नवशिक्याने पहिल्या वर्षी त्या वाटेस न गेलेले बरे.

यानंतर ज्या बाबीकडे मराठी वाचकाचे लक्ष मला विशेष आग्रहाने वेधावयाचे आहे ती म्हणजे देवनागरी. गेम मराठीत करावयाचा असेल तर सॉफ्टवेअर उतरवल्यावर पहिल्या तासाभरात, चित्रांना हात लावण्यापूर्वी, पडद्यावर ‘क्षितिज’, ‘विठ्ठल’, ‘कुऱ्हाड’ आणि ‘किर्लोस्कर’ हे चार शब्द उमटवून पाहावेत. संगणकाच्या पोटात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवलेली असते, ती व्यंजनाच्या अगोदर दाखवणे, दोन व्यंजनांचे जोडाक्षर घडवणे, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेऊन ठेवणे ही सर्व कामे अक्षरे उमटवणाऱ्या यंत्रणेची. आणि इंग्रजीपुरता विचार करून बांधलेल्या कित्येक इंजिनांत ही यंत्रणाच नसते. मग ‘क्षितिज’चा पाय मोडून हलन्त क आणि ष सुटे पडतात, वेलांट्या उजवीकडे लोंबतात, आणि मराठी मजकूर वाचणाऱ्याला शिसारी येते. ब्राउझरच्या आधाराने अक्षरे उमटवणारी साधने, म्हणजे ट्वाइन, जीडेव्हलप व कन्स्ट्रक्टमधील साधा मजकूर, या परीक्षेत सहसा उत्तीर्ण होतात, कारण ते काम ब्राउझर बिनबोभाट करतो. रेनपायमध्ये २०२३ मधील ८.१ आवृत्तीपासून हार्फबझ या यंत्रणेची जोड मिळाली आहे. गोदो या मुक्त इंजिनाने चौथ्या आवृत्तीत तीच सुधारणा केली. गेममेकरमध्ये मात्र अक्षरे सुटी सुटी उमटत असल्याने ही परीक्षा टाळून पुढे जाऊ नये. चित्ररूप अक्षरसंच, ज्यांना स्प्राइटफाँट म्हणतात, ते देवनागरीला सर्वत्र निरुपयोगी समजावेत.

आणखी एक मेख. संवाद टाइपरायटरसारखा एकेक अक्षराने प्रकट व्हावा ही हौस बहुतेकांना असते, आणि आरपीजी मेकरसारख्या साधनात ती मुळातच भिनलेली आहे. पण एकेक घटक सुटा करून उमटवला की जोडाक्षर घडायला त्याचे सोबती वेळेवर हजर नसतात. त्यामुळे मराठीत हा परिणाम बंद ठेवून संपूर्ण ओळ एकदम दाखवावी, किंवा फार तर शब्द शब्द करून दाखवावी. काही मंडळी अडचणीच्या इंजिनांत जुन्या, युनिकोडपूर्व काळातील छापखान्यांच्या फाँटांचा आश्रय घेतात, कारण त्यांत प्रत्येक तुकडा स्वतंत्र चित्रासारखा असतो व त्याला जोडणीची गरज पडत नाही. डीटीपीच्या दुकानात ज्याने ‘शिवाजी’ फाँटाशी झटापट केली आहे त्याला ही युक्ती कळेल आणि तिचे दुःखही कळेल. दोन-चार शीर्षकांपुरता मजकूर असेल तर तो चित्र म्हणून बसवून टाकावा. फाँट निवडताना त्याचा परवाना पाहावा. मुंबईच्या एक टाइपने घडवलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे मुक्त परवान्याचे आहेत व पडद्यावर स्वच्छ वाचता येतात.

परवान्याचा विषय निघालाच आहे, तर करारनामा न वाचता होकाराचे बटन दाबण्याची जी आपली सार्वत्रिक वहिवाट आहे तिच्याविषयी दोन शब्द. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या जगातील अत्यंत प्रचलित इंजिनाच्या कंपनीने, पुढील जानेवारीपासून ठरावीक मर्यादेवरील गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे आकार घेण्याचे जाहीर केले. गेमकर्त्यांत एवढा क्षोभ उसळला की काही दिवसांतच शर्ती सौम्य कराव्या लागल्या आणि वर्षभराने ती योजनाच रद्द झाली. नवशिक्याला त्या मर्यादेची झळ लागण्याचा संभव नव्हता, परंतु दुसऱ्याच्या वतनात घर बांधणाऱ्याची स्थिती काय असते हे त्यातून दिसून आले. कधी प्रश्न पैशांचा नसून आयुष्याचा असतो: ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने ब्राउझरमध्ये गेम चालवणाऱ्या आपल्या फ्लॅश या यंत्रणेचा पाठिंबा थांबवला आणि वीस वर्षांचे असंख्य लहान गेम ब्राउझरमधून उठले. मुक्त असूनही खात्री नसते. गोदोमध्ये कोड न लिहिणाऱ्यांसाठी जी दृश्य पद्धत होती ती २०२३ मधील चौथ्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली, आणि जुने मार्गदर्शन वाचून तिकडे जाणारे लोक आजही ती शोधत फिरतात. म्हणून सल्ला घेताना तो कोणत्या साली दिलेला आहे हे आधी पाहावे, आणि करारनाम्यात तीन गोष्टींचा तपशील अवश्य शोधावा: गेम विकल्यास काय द्यावे लागते, वर्गणी थांबवल्यावर आपलीच फाइल आपल्याला उघडता येते की नाही, आणि सोबत मिळालेली चित्रे व संगीत दुसऱ्या साधनात नेण्याची परवानगी आहे काय. या तिसऱ्या बाबतीत बहुधा नकारच असतो. ज्याला चित्रकला येत नाही त्याने केनी या संकेतस्थळावरील सार्वजनिक हक्काच्या चित्रांनी आरंभ करावा. ती कोणत्याही साधनात, विक्रीच्या गेममध्येही, विनाशर्त वापरता येतात.

इतका विचार झाल्यावर दोन साधने उरतात, आणि तिथे वाद घालत बसण्यापेक्षा दोहोंत एकच लहानसा गेम करून पाहावा: एक पडदा, एक पात्र, गोळा करण्याची एक वस्तू, एक अडथळा, हार-जीत आणि पुन्हा सुरू करण्याचे बटन. पुन्हा सुरू करण्याचे बटन क्षुल्लक वाटते, पण गुण शून्यावर आणणे, वस्तू जागेवर ठेवणे, थांबलेली घड्याळे पुन्हा चालू करणे या सगळ्याचा हिशेब त्यात होतो, आणि साधन आपल्याशी सरळ वागते की आडवे हे तिथे कळते. हा इवलासा गेम त्याच दिवशी बाहेर काढून दुसऱ्याच्या फोनवर चालवून पाहावा. संगणकावर माऊसने सुरेख चालणारी गोष्ट बोटाने दाबताना चालत नाही, अक्षरे मुंगीएवढी दिसतात, आवाज पहिल्या स्पर्शापूर्वी वाजतच नाही, हे दोष सहा महिन्यांनी समजण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात समजलेले बरे. प्रत्येक दिवसाच्या कामाची तारीख घातलेली नक्कल निराळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साधनांच्या बाबतीत तर हे विसरूच नये, कारण ट्वाइनची कथा ब्राउझरच्या साठ्यात राहते आणि इतिहास पुसण्याच्या भरात तीही पुसली जाऊ शकते. ट्वाइनमधील सर्व कथांची एकत्रित (आर्काइव्ह) फाइल वेळोवेळी उतरवून घ्यावी.

प्रसिद्धीची घाई करणाऱ्याने खर्चाचा अंदाज घ्यावा. गूगल प्लेवर नोंदणीचे एकदाच पंचवीस डॉलर, ॲपलकडे दरसाल नव्व्याण्णव, स्टीमवर प्रत्येक गेममागे शंभर. शिवाय नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गूगल प्लेवर गेम सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी किमान बारा परीक्षकांकडून सलग चौदा दिवस चाचणी करवून घ्यावी लागते. पहिल्या गेमसाठी इतका व्याप कशाला? इच डॉट आयओ या संकेतस्थळावर ब्राउझरमध्ये चालणारी फाइल फुकट ठेवता येते, तिचा दुवा नात्यागोत्यात आणि मित्रमंडळीत धाडता येतो, आणि ‘इथे काय करायचे ते कळलेच नाही’ असे एखाद्या मावशीने कळवले, तर त्याच संध्याकाळी दुरुस्त करून नवी प्रत चढवता येते.